टरफलासकट

इतवारीत चहांदेंच्या बियाण्याच्या दुकानात
काचेखाली हिरवळीचे फोटो आहेत.
एकाही फोटोत माणूस नाही.
मी विचारलं, यावर चालतं का कोणी?
चहांदे म्हणाले, "बाई, हे पाहाले असते."

मला बावीस पोट्ट्यांसाठी गवत पाहिजे होतं.
बेशाच्या गल्लीत, बालवाडीपुढे, अठरा बाय तीस फूट.
काळी माती. एप्रिल लागला की फाटते.
एका भेगेत अन्वयची चप्पल गेली
ती परत आली नाही.

कोरियन गालिचा एकदा लावून झाला.
टेम्पोतून आला, चौकोनी, लादीसारखा.
होळीपर्यंत चांगलं नाव काढलं त्याने.
मग नवतपा आला,
नळ एक दिवसाआड, तोही चाळीस मिनिटं,
आणि मी पिण्याच्या पाण्याची बादली धरून
त्याच्यासमोर उभी राहिले,
आजारी पाहुण्यासमोर राहावं तशी.
नाही ओतली.

म्हणून या खेपेला यादी करून गेले:
सत्तेचाळीस डिग्री.
आठवड्याला दोन बादल्या, त्याही भांडी विसळलेल्या.
कापायला माझी कंबर, म्हणजे महिन्यातून एकदा.
पाय चव्वेचाळीस.
चहांदेंनी यादी वाचली, चष्मा काढला.
"हरळी न्या. दुसरं काही पाहूच नका."

हरळी!
माझ्या बापाने जन्मभर खुरपं घेऊन
जिचा पिच्छा पुरवला,
जिच्या काशा उपटून बांधावर वाळत टाकल्या
तरी वर्षभर तो त्यांच्यावर विश्वास ठेवत नसे,
ती मी पैसे मोजून न्यायची?
चहांदे हसले.
"तुमच्या वडिलायले ती समजली होती.
म्हणून तर भ्यायचे."

दोन पोती होती.
एकात टरफल काढलेलं बी,
केशरी, खसखशीएवढं, आठवड्यात उगवणारं.
दुसऱ्यात टरफलासकट, मातकट,
वीस-वीस दिवस काहीच न बोलणारं.
"अर्धं-अर्धं न्या. एक घाईचं, एक सबुरीचं.
पाण्यानं दगा देल्ला तर घाईचं मरते,
सबुरीचं मागाहून उठते."

घरी ओल्या गोणपाटात दहा-दहा दाणे गुंडाळले.
घाईचे नऊ उगवले.
सबुरीचे तीन. मी फेकायला निघाले होते,
इंदूबाईने गोणपाट हातातून काढून घेतलं.
"मॅडम, तन्मयी पण दिवाळीपर्यंत बोलली नव्हती."

मुरूम, रेती, शेणखत.
बी रेतीत कालवून उभं फेकलं, आडवं फेकलं,
वरून फळीने दाबलं.
चिमण्यांनी आपला हिस्सा नेला.
मग दोरी बांधली, आणि दोरीपलीकडे
बावीस जण रोज उभे राहून
मातीकडे रागाने पाहायचे.

तान्ह्या पोळ्याला दोरी सोडली.
लाकडी नंदी आले, चाकांचे, बिनचाकांचे,
एक प्लास्टिकचा, एकाचं शिंग मोडलेलं.
कुणी झूल सरळ केली, कुणी आधी बोजारा मागितला.
आणि मग, कोणी न सांगता,
एकेकाने आपापल्या नंदीचं तोंड
खाली टेकवलं.
चरू दे म्हणे त्याला.
चाकांच्या रेघा उमटल्या होत्या.
चौथ्या दिवशी मला त्या सापडल्या नाहीत.

आता मे चालू आहे. सगळं पिवळं.
ॲडमिशनला आलेले पालक विचारतात,
मॅडम, लॉन मेलं का?
मी म्हणते, त्यालाही सुट्टी लागली आहे.
खरं तर मलाही रोज खात्री नसते.
सकाळी भांड्यांचं पाणी टाकताना
चप्पल काढून जरा उभी राहते.
टोचतं.
मेलेलं असं टोचणार नाही, असं धरून चालते.

भेग यंदा एकच पडली, फाटकाजवळ,
बोटभर.
वाकून पाहिलं आत.
चप्पल नाही.